गाळा आपला, बोर्ड कंपनीचा : भाडेकराराचं भांडण कसं सोडवावं?

स्वतःच्या गाळ्यात साखळी रेस्टॉरंटची फ्रँचायझी घेताना काही कंपन्या आणखी एका कागदावर सही मागतात. गाळा नऊ-दहा वर्षांसाठी कंपनीला भाड्याने द्यायचा आणि धंदा चालवायला तोच त्यांच्याकडून परत घ्यायचा. म्हणजे तुम्ही मालकही आणि पोटभाडेकरूही! धंदा बरा चालतो तोवर हे कुणाला टोचत नाही. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्यापोटी कंपनीला द्यायची रक्कम, थकली की फ्रँचायझी रद्द होते आणि कंपनी म्हणते, गाळा अजून आमच्याच भाड्यात आहे.

कंपनीने तिथे दुसरा चालक बसवला असेल, तर रागाच्या भरात शटरला कुलूप ठोकू नका. कायद्याचा मार्ग सोडून कुणाचा ताबा काढला, तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, 1963 च्या कलम 6 खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालक कोण, हे पाहिलंच जात नाही. ताबा तुमच्याकडे असेल, तर हेच कलम तुमची ढाल.

मग दोन्ही करार शेजारी ठेवून वाचा. फ्रँचायझी संपली की भाडेपट्टाही संपेल, असं वाक्य कुठे आहे का? बहुतेक भांडणांचं मूळ हे वाक्य नसण्यातच असतं. ते असेल तर अर्धी लढाई तुमची. नसेल तर नोंदणी तपासा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलेला नसेल, तर त्यातल्या मुदतीवर बोट ठेवता येत नाही. भाडं महिन्याचं धरलं जातं आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 प्रमाणे 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येतं.

‘कंपनी एकदा घुसली की निघत नाही’ ही भीती जुनी आहे. पण भरणा झालेलं भांडवल (पेड-अप कॅपिटल) 1 कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रायव्हेट वा पब्लिक लिमिटेड कंपनीला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं संरक्षण नाही. हा आकडा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतो. वकिलाकडे जाण्याआधी तेवढं बघाच.

याच आकड्यावर पुढची वाट ठरते. भाडे नियंत्रण कायदा लागू नसेल आणि करारात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडे नेण्याचं) कलम असेल, तर भाडेपट्ट्याचा वादही लवादाकडे जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विद्या द्रोलिया खटल्यात हे स्पष्ट केलं. दोन करारांत दोन शहरं लिहिलेली असतील, तर दोन्ही वाद एकाच लवादापुढे चालवण्याची मागणी नोटिशीतच करा. आणि कंपनीने परस्पर नेमलेला एकटा लवाद मुकाट्याने स्वीकारू नका. करार लीव्ह अँड लायसन्सचा असेल आणि गाळा मुंबईत, तर वाद लवादाकडे जाईल की स्मॉल कॉज कोर्टात, हा मुद्दा येतो. तिथे वकिलाला आधी विचारा.

लवादाचं कलम नसेल आणि वादाची रक्कम 3 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर व्यावसायिक न्यायालय. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. कटकट मानू नका, खरा सौदा इथेच होतो. कंपनीला आपला बोर्ड, मेनू आणि पाककृती सुरक्षित हव्या असतात, तुम्हाला गाळा. ‘दोन वर्षं इथे दुसरं हॉटेल काढायचं नाही’ अशा अटीला घाबरू नका. करार संपल्यानंतरची अशी बंदी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. त्यांचं नाव आणि नाव छापलेले डबे मात्र वापरायचे नाहीत.

तडजोडीत बोर्ड उतरवण्याची तारीख, फ्रायर-फ्रीजची किंमत, डिपॉझिटमधून वळती होणारी थकबाकी आणि वीजबिल कोण भरणार हे आकड्यांसकट लिहा. मूळ भाडेपट्टा नोंदवलेला असेल, तर तो सोडल्याचा दस्तही नोंदवा. नाहीतर पुढे बँकेत कर्ज मागायला गेलात की सर्च रिपोर्टमध्ये (गाळ्याच्या नोंदणीकृत दस्तांच्या तपासणीत) तीच कंपनी पुन्हा भाडेकरू म्हणून दिसते.