खानदेशाच्या आकाशातील विमाने जमिनीवरून कशी ओळखावीत

विमानांचा अभ्यास करायचा तर मोठ्या विमानतळाजवळ राहायला हवे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो आणि त्यापायी कितीतरी मुले हा छंद मुंबई-पुण्याला जाईपर्यंत लांबणीवर टाकतात. वास्तविक जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांवरून दिवसरात्र विमाने जात असतात. दिल्ली आणि पुणे यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती धुळ्याजवळून जाते. मुंबई-नागपूर रेषा छत्रपती संभाजीनगरजवळून जाते, म्हणजे चाळीसगाव-पाचोऱ्याच्या माणसाला त्या बाजूची विमाने दक्षिण क्षितिजालगत दिसू शकतात. प्रत्यक्ष हवाई मार्ग अशा रेषांपासून थोडेफार सरकलेले असतात, पण कोणत्या दिशेला तोंड करून बसायचे हे ठरवायला एवढा नकाशा पुरतो.

जागा म्हणून घराची गच्ची किंवा गावाबाहेरचे मोकळे शेत उत्तम. केळीच्या बागेत उभे राहून काही दिसत नाही. पावसाळा सरल्यावर, हवा धुतली गेल्यानंतरचे दिवस आणि पुढचा सगळा हिवाळा या कामाला सर्वांत चांगला असतो. एप्रिल-मे महिन्यांत धुळीमुळे आकाश पांढुरके होते आणि तापलेल्या हवेच्या लहरींमुळे दुर्बिणीतून विमानाच्या कडा थरथरताना दिसतात, म्हणून त्या काळात सूर्योदयानंतरचा पहिला तासच कामाचा. दुर्बीण ८×४२ किंवा १०×५० मापाची घ्यावी (पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). त्याहून अधिक मोठेपणा देणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. दुर्बीण सूर्याच्या जवळपासही वळवू नये. सूर्य गच्चीवरच्या खोलीच्या किंवा टाकीच्या आड राहील अशी जागा धरून बसावे.

पहिली अडचण येते ती विमान सापडण्याची. आवाज ऐकून वर पाहिले तर तिथे काहीच नसते. साधारण ३५,००० फुटांवर, म्हणजे सुमारे १०.७ किलोमीटर उंचीवर जाणाऱ्या विमानाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचायला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात विमान आठेक किलोमीटर पुढे गेलेले असते. हात पूर्ण लांब करून वळलेली मूठ आकाशात सुमारे १० अंश व्यापते. या मापाने बोलायचे तर आवाज बरोबर डोक्यावरून येत असेल तेव्हा विमान प्रवासाच्या दिशेने साडेतीन ते चार मुठी पुढे शोधावे. ही सवय एकदा अंगवळणी पडली की विमान हातचे जात नाही.

त्याच मुठीने विमान कोणत्या गावावर आहे हेही सांगता येते, आणि मला स्वतःला या छंदातला हा भाग सर्वाधिक आवडतो. क्षितिजापासून साडेचार मुठींवर, म्हणजे ४५ अंशांवर, दिसणारे विमान जमिनीवरच्या अंतराने आपल्यापासून त्याच्या उंचीइतकेच दूर असते. तीन मुठींवर ते अंतर साडेअठरा किलोमीटरच्या आसपास जाते, अडीच मुठींवर तेवीस, आणि एका मुठीवर साठ. जळगावच्या गच्चीवरून थेट पूर्वेला अडीच मुठींवर विमान दिसले तर ते भुसावळच्या माथ्यावर आहे असे खुशाल म्हणावे. हे हिशेब ३५,००० फुटांचे आहेत. विमान खाली असेल तर अंतर त्याच प्रमाणात कमी धरावे.

आता जात ओळखण्याकडे वळू. सुरुवात इंजिनांपासून करावी. इंजिनाच्या धुरातील वाफ साधारण उणे ४० अंश सेल्सिअसहून थंड हवेत गोठते आणि पांढरी रेघ उमटते. दोन इंजिनांच्या विमानामागे दोन रेघा असतात, त्या थोड्या अंतरावर एकमेकींत मिसळतात. चार सुट्या रेघा दिसल्या तर ते बोइंग ७४७, एअरबस ए३८० किंवा एखादे चार इंजिनांचे मालवाहू विमान असू शकते. रेघ लगेच विरली तर वरची हवा कोरडी आहे आणि पसरत जाऊन टिकून राहिली तर ओलसर आहे, एवढे हवामानही त्यातून कळते.

त्यानंतर आकार. देशांतर्गत मार्गांवर प्रामुख्याने दिसणारी एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ ही विमाने सुमारे ३६ मीटर पंखविस्ताराची आहेत, तर बोइंग ७७७-३००ईआर आणि एअरबस ए३५० यांचा विस्तार ६५ मीटरच्या घरात जातो. आकाशात शेजारी मोजपट्टी नसल्यामुळे हा फरक नुसत्या नजरेला ठरवता येत नाही, पण चंद्र असेल तर येतो. ३५,००० फुटांवरून नेमके माथ्यावर आलेले ए३२० पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या जेमतेम दोन पंचमांश लांबीचे दिसते, आणि ७७७-३००ईआर, ज्याची लांबी जवळजवळ ७४ मीटर आहे, ते त्याच व्यासाच्या तीन चतुर्थांश भरते. चंद्र वर चढलेला असताना आणि विमान त्याच्या जवळून जात असताना ही तुलना करून पाहावी. एकदा डोळ्यांत बसलेला हा फरक पुढे चंद्राविनाही उपयोगी पडतो.

दुर्बिणीतून पंखांची टोके पाहावीत. बोइंग ७८७ ची टोके उभी न वळता मागे निमुळती होत जातात आणि समोरून किंवा बाजूने पाहिले तर त्याचे पंख धनुष्यासारखे वर वाकलेले दिसतात. ए३५० ची टोके मात्र गोलाईने वर वळतात. ७३७ च्या शेपटीचा उभा पंख जिथे सुरू होतो तिथे एक ठळक कोन आहे, तो ए३२० ला नाही, आणि उड्डाणात ७३७ ची मुख्य चाके झाकणाविना पोटाशी उघडी राहतात, त्यामुळे विमान खालच्या उंचीवर असेल तर दोन काळी वर्तुळे स्पष्ट दिसतात.

जळगावच्या विमानतळावर उतरणारे एटीआर ७२ ओळखायला दुर्बीणही लागत नाही. त्याचे पंख धडाच्या वर बसवलेले असतात, शेपटीचा आडवा पंख उभ्या पंखाच्या शेंड्यावर असतो आणि प्रत्येक इंजिनाला सहा पात्यांचा पंखा असतो. ते २५,००० फुटांहून वर जात नाही. त्यातून प्रवास करायची संधी मिळाली तर खिडकीची जागा अवश्य मागावी, कारण पंख वर असल्याने खालची जमीन मोकळी दिसते. मुंबईहून किंवा पुण्याहून येताना सातपुडा डाव्या हाताला राहतो. चढायचे दार मागे असते, पुढचे दार सामानाचे आहे, म्हणून मागच्या रांगांतील माणूस आधी उतरतो.

धुळेकरांना आणखी एक सोय आहे. गोंदूरच्या धावपट्टीवर मुंबई फ्लाइंग क्लबचे वैमानिक प्रशिक्षण चालते, आणि याच क्लबात शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ साली भारतातील क्रमांक एकचा वैमानिक परवाना मिळवला होता. प्रशिक्षणाचे छोटे विमान धावपट्टीभोवती आयताकृती फेरी घालते: वाऱ्याच्या विरुद्ध उड्डाण, एक वळण, मग वाऱ्याबरोबर धावपट्टीला समांतर, पुन्हा वळण आणि शेवटी उतरण्याची सरळ वाट. गावाकडे उभे राहून ही फेरी काही वेळ पाहिली तर त्या दिवशी वारा कोणत्या बाजूने आहे हे कोणी न सांगता समजते. कुंपणाजवळ मात्र जाऊ नये, तिथे ड्रोन उडवू नये आणि सुरक्षारक्षकाने हटकले तर वाद न घालता निघावे.

रात्री दिव्यांवरून दिशा ठरवावी. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा आणि शेपटीवर पांढरा दिवा असतो. लाल दिवा आपल्या उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला दिसत असेल तर विमान आपल्याकडे येत आहे. लुकलुक न करता एकाच तेजाने सरकणारा ठिपका बहुधा उपग्रह असतो.

फोनवरील फ्लाइटरडार२४ हे उडणारी विमाने नकाशावर दाखवणारे ॲप वापरावे, पण स्वतःचा अंदाज वहीत लिहून झाल्यावरच. आधी फोन पाहणाऱ्याची नजर तयार होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वहीत वेळ, दिशा, मुठींतील उंची, रेघांची संख्या आणि आपण ठरवलेली जात लिहावी व नंतर शेजारी ॲपवरचे उत्तर लिहावे. ॲपवर दिसणारी उंची आणि वेग हे आकडे विमान स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर प्रसारित करत असते. त्यांतील उंची नीट वाचली तर एक नियम लक्षात येतो: पूर्वेकडे जाणारी विमाने ३३, ३५, ३७ हजार अशा विषम उंचीवर असतात आणि पश्चिमेकडे जाणारी ३४, ३६, ३८ हजारांवर, जेणेकरून समोरासमोर येणाऱ्यांत किमान १,००० फुटांचे अंतर राहावे. हिवाळ्यात वेगाचे आकडेही ताडून पाहावेत, कारण त्या काळात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून जोराचे उच्चस्तरीय वारे वाहतात आणि पूर्वेला जाणारे विमान जमिनीच्या हिशेबाने पश्चिमेला जाणाऱ्यापेक्षा बरेच वेगवान भरते.

छंद मुरल्यावर संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ संग्राहक आणि साधी अँटेना घेऊन विमाने प्रसारित करत असलेले हे संकेत घरीच पकडता येतात. अँटेना शक्य तितकी उंच आणि मोकळ्यावर बसवावी. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात उत्तरेला सातपुडा आडवा येतो, त्यामुळे त्या बाजूची दूरची विमाने तुटक मिळतात. दक्षिणेकडे तापीच्या खोऱ्यावर मात्र फारसा अडथळा नसतो.