एमएस्सी झाली, आता कांदळवनात काम करायचंय? मग असं करा

ठाण्यात राहून इकॉलॉजीत करिअर करायचं तर लांब कशाला जाताय, ऐरोलीचं जैवविविधता केंद्र गाठा, फ्लेमिंगो अभयारण्य तिथेच आहे, २०२२ पासून रामसार साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण नुसत्या फ्लेमिंगोच्या फोटोंनी सीव्ही भरत नाही हां. आधी तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडं मुळांवरून ओळखायला शिका. मग भरतीचं पाणी कुठवर येतं, भरावाने कुठे अडलंय ते बघा, कारण पाणीच अडलं असेल तर कितीही रोपं लावा, जगणं कठीणच, आणि वाट मोकळी केली की बऱ्याचदा बिया वाहत येऊन आपोआप रुजतात, प्रोजेक्टला हाच विषय घ्या! क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे. खाडीत पूर्वी काय होतं ते कोळीवाड्यात विचारा. कांदळवन प्रतिष्ठान, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) यांच्या नोकरीच्या जाहिराती बघत राहा, प्रोजेक्टची पोस्ट कॉन्ट्रॅक्टवरची असते हे घरी आधीच सांगून ठेवा.