लेकरांना पिच्चर दाखवताय? निदान या चुका तरी टाळा

"फॅमिली पिच्चर आहे, लावा बिनधास्त." हे वाक्य कोणी म्हटलं की मी आधी प्रोजेक्टरची वायर काढून ठेवतो. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, जंगलाच्या काठाला. घराच्या छपरीत पांढरी चादर ताणून रविवारी गल्लीतल्या पोट्ट्यांना सिनेमा दाखवायचा, हा माझा बरेच वर्षांचा नाद. या नादापायी सगळ्या जातीच्या चुका बघून झाल्या. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्या. उरलेल्या फोनवर येतात: "भाऊ, तो नवीन आला तो, लेकराले चालते का जी?" उत्तर दोन मिनिटांत पाहिजे. दोन मिनिटांत तर तंबाखू-सुपारीचा खर्राही घोटून होत नाही.

'यू/ए' म्हणजे पास झाला, असं समजणं

'यू/ए' लिहिलेलं दिसलं की लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ सेन्सॉर बोर्डाने मुलांसाठी मंजूर केला असा होत नाही. बघू देण्यासारखा आहे, पण तुमच्या लेकराला दाखवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. जबाबदारी उलट तुमच्यावर टाकलेली असते. ही पाटी 1983 पासून आहे आणि बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-बापांनी विचार करावा, असा तिचा अर्थ होता. आता बारा वर्षांखाली म्हणजे चार वर्षांचंही आलं आणि अकरा वर्षांचंही. 2023 मध्ये कायदा बदलला आणि यू/ए चे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन भाग झाले. चांगलं झालं. पण जुन्या सिनेमांवर जुनंच नुसतं 'यू/ए' आहे, आणि आपण घरी बघतो ते बहुतेक जुनेच.

मोबाईलवरच्या ॲपची गोष्ट आणखी वेगळी. तिथे 2021 च्या नियमांप्रमाणे वयाची पाटी ती कंपनी स्वतःच लावते. पाटीच्या बाजूला बारीक अक्षरात हिंसा, भीती, शिवीगाळ, नशा असं काहीबाही लिहिलेलं असतं. मला वयाच्या आकड्यापेक्षा ते बारीक अक्षर जास्त कामाचं वाटतं. ते वाचायला चष्मा लागतो, म्हणून कोणी वाचत नाही.

थिएटरमध्ये 'ए' असेल तर अठराच्या खालच्याला दारातूनच परत पाठवतात. इथून नागपूर शंभर किलोमीटरच्या वर. एक कुटुंब गाडी करून, पुरीभाजी बांधून गेलं आणि दारातली पायरी बघून परत आलं. तिकीट काढताना ते एक अक्षर कोणी बघितलंच नव्हतं.

चुंबनं मोजणं आणि भीती न मोजणं

या चुकीवर मी रात्रभर बोलू शकतो, तुम्ही ऐकणार असाल तर.

आपल्याकडे मोठ्या माणसाचा एकच प्रश्न असतो: "तसलं काही नाही ना त्यात?" तसलं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत. तसलं नसलं की सिनेमा स्वच्छ. आई मरते का, बाप सोडून जातो का, कोणी अंधारात कोंडलं जातं का, हे कोणी विचारत नाही. कार्टून असेल तर मग तेवढंही नाही. 1942 च्या 'बॅम्बी'त हरणाच्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते. 1994 च्या 'लायन किंग'मध्ये छावा मेलेल्या बापाला उठवायला बघतो. 2003 च्या 'फाइंडिंग निमो'त तर गोष्ट धड सुरू व्हायच्या आधीच आई जाते. हे सिनेमे वाईट नाहीत, मी तिन्ही दाखवले आहेत. पण "कार्टून लावून दिलं, आता दोन तास निवांत" म्हणून धानाच्या परहाला, म्हणजे रोवणीला, निघून जाण्यासारखे ते नाहीत.

आता माझी चूक. 2016 चा 'जंगल बुक' मी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात लावला. माझा हिशेब पक्का होता. तसलं काही नाही, शिव्या नाहीत, गोष्ट आपल्या शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलातली, आणि हिंदीत शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. आपल्याकडे त्याला यू/ए दिलं, तेव्हा लहान मुलांच्या सिनेमाला यू/ए कशाला म्हणून लोक हसले होते. मीही हसलो होतो.

पंधराएक पोट्टे होते. शेरखान पहिल्यांदा बोलला तेव्हा नानांचा आवाज ओळखून सगळे खिदळले. एक मात्र नाही. दुसरीतला पोरगा, खांबाला टेकून बसलेला. त्या वर्षी मोहफुलाच्या दिवसांत शेजारच्या टोलीतली एक बाई पहाटे फुलं वेचायला गेली होती आणि वाघाने तिला नेलं होतं. हा तिचा नातू. मला माहीत नव्हतं असं नाही. मी मयतीला गेलो होतो. पण सिनेमा निवडताना माझ्या डोक्यात तसलं, शिव्या आणि दारू एवढीच यादी होती. त्या यादीत वाघ नव्हता.

पुढे शेरखान अकेलाला कड्यावरून फेकतो. आणि तिथेच लाईन गेली.

आमच्याकडे लाईन गेली की कधी येईल ते देवही सांगत नाही. पोट्टे थोडा वेळ ओरडले, मग आंबे पाडायला गेले. राहिलेला सिनेमा नंतर बघू म्हटलं. म्हणजे त्या पोराच्या हिशेबी वाघ जिंकला आणि गोष्ट संपली. पुढचे आठ-दहा दिवस ते लेकरू अंधार पडल्यावर अंगणातसुद्धा उतरलं नाही. मी त्यांच्या घरी गेलो आणि त्याला सांगितलं, अरे, शेवटी वाघ आगीत पडून मरते. पोरगा काही बोलला नाही. त्याचा आजा विडी विझवत म्हणाला, "पिच्चरमधला वाघ विस्तवाले भेते, भाऊ. आपला नाही भेत."

यावर मी काय बोलणार?

तेव्हापासून माझी सवय अशी की सिनेमा बघायच्या आधी मी छपरीत कोण कोण येणार ते आठवतो. या वर्षात कोणाच्या घरी काय झालं? कोणाचा बाप कामाला हैदराबादला गेला, कोणाची आई दवाखान्यात आहे, कोणाच्या गोठ्यातली गाय वाघाने मारली? आश्रमशाळेतून सुट्टीला आलेलं पोरगं असेल तर मूल होस्टेलात सोडून आई-बाप परत जातात, असा प्रसंग मी त्या रविवारी लावत नाही. हे मुंबईत बसून पाटी लावणाऱ्याला कसं कळणार? त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही.

दुसरी सवय, शेवट आधीच सांगून टाकायचा. शहरातले पाहुणे यावर चिडतात, मजा जाते म्हणतात. सात वर्षांच्या लेकराची मजा जात नाही. वाघ मरणार हे माहीत असूनही ते तितकंच दचकतं, फक्त रात्री झोपतं. आणि बॅटरी. चार्ज नसेल तर त्या दिवशी सिनेमा नाही. भीतीच्या ठिकाणी गोष्ट तुटू द्यायची नाही.

पुढे ढकलत ढकलत बघणं

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावकडे माझी बहीण राहते. तिच्या गावी एका शाळेत, नाव सांगत नाही, एक उत्साही पोरगा स्वयंसेवक म्हणून आला होता. त्याने गावाकडचा एक विनोदी सिनेमा निवडला. आदल्या रात्री बघून ठेवला म्हणाला. बघितला म्हणजे कसा? स्क्रीनवर बोट मारत, दहा-दहा सेकंद उडवत. अर्ध्या तासात अडीच तासांचा सिनेमा.

मधे एक प्रसंग होता. कर्ज झालेला बाप गोठ्यात दोर घेऊन आढ्याकडे बघतो, तेवढ्यात बैल त्याला ढुशी देतो, आणि लोक हसतात. मिनिटभराचंही नसेल. याच्या बोटाखालून ते निसटलं. शाळेच्या त्या खोलीत मात्र काही निसटलं नाही. चौथीतल्या एका मुलीने शेजारी बसलेल्या धाकट्या भावाचा हात धरला, त्याला उठवलं आणि दोघं निघून गेली. चपलाही घातल्या नाहीत. यवतमाळात दोराचा अर्थ काय, हे मी वेगळं सांगायला नको.

तो पोरगा वाईट नव्हता. घाईत होता. नवीन माणसाची घाई मला समजते, पण पसंत नाही. ज्याला लेकरांसाठी अडीच तास काढता येत नाहीत, त्याने कॅरम न्यावा.

मी सिनेमा दोनदा घेतो. एकदा पूर्ण, नेहमीच्या वेगाने, हातात कागद: बेचाळिसाव्या मिनिटाला कुत्रा मरतो, साठाव्याला बाप दारू पिऊन मारतो, असं. दुसऱ्यांदा फक्त कानांनी. तांदूळ निवडता निवडता नुसतं ऐकायचं. लहान लेकरं घाबरली की डोळ्यांआधी कानांवर हात ठेवतात, हे बघितलं असेल तर मी काय म्हणतो ते कळेल. चित्रात नुसतं दार असतं, धडकी भरवतं ते त्यामागचं संगीत. परीक्षण वाचून, ट्रेलर बघून, मित्राला विचारून हे काम होत नाही. यूट्यूबवरच्या ट्रेलरला तर बोर्डाकडे जावंही लागत नाही.

ऐन वेळी रिमोटवर झडप घालणाऱ्या बापांबद्दलही इथेच सांगतो. तुम्ही जो तुकडा पळवता, लेकराच्या लक्षात तेवढाच तुकडा राहतो. शांत बसा. "हे मोठ्यांचं आहे" एवढं म्हणा आणि पुढे बघा.

लहान पोरगा हिरो, म्हणजे लहान पोरांचा सिनेमा

नाही. 2018 चा 'नाळ' घ्या, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा. गोष्ट आपल्या विदर्भातल्या नदीकाठच्या गावची, आणि त्यातल्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुंदर सिनेमा. रक्त नाही, शिव्या नाहीत. पण आपली आई ही आपली जन्मदाती नाही, हे एका लेकराला कळतं, ही त्याची गोष्ट आहे. आपल्याकडे मामाकडे, मावशीकडे वाढणारी मुलं गल्लीत दोन तरी असतात, आणि कुठे कुठे गावाला माहीत असतं आणि त्याच लेकराला नसतं. मी दाखवला तेव्हा एकाने भर सिनेमात विचारलं, "मी काहून मामाच्या घरी राहतो?" मामी मागेच बसली होती. सिनेमा थांबवून आम्ही सगळ्यांनी चिवडा खाल्ला. त्या प्रश्नाचं पुढे काय, ते मामा-मामीने घरी जाऊन बघितलं. ते दाखवायच्या आधी त्यांच्याशी बोलायला पाहिजे होतं, मी बोललो नव्हतो.

"आमची लेकरं रात्रभर नाटक बघतात, त्यांना काय होते?"

हा मला ऐकवला जाणारा आवडता मुद्दा. खरं आहे. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्यांची झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाची, नाटकं सुरू होतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक, पहाटेपर्यंत. त्यात खून असतो, बलात्काराचा प्रयत्न असतो, लावणीही असते. पण लेकरू आजीच्या शेजारी बोऱ्यावर बसलेलं असतं, अर्ध्या नाटकात झोपतं, आणि सकाळी तोच खलनायक अर्धवट रंग पुसलेल्या तोंडाने टपरीवर चहा पिताना त्याला दिसतो. तो चहा फार काम करतो. कानात हेडफोन घालून पांघरुणात एकट्याने बघितलेला खलनायक चहा प्यायला येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रात्री नऊला सुरू करू नका. सकाळी दहाला करा, म्हणजे झोपेआधी दिवसभर खेळून होतं.

सगळ्यात मोठ्या पोराच्या आवडीने सिनेमा निवडू नका. जागं असलेल्यांत सगळ्यात लहान कोण, त्याच्यावर ठरवा. मोठ्यांना धाकटी झोपल्यावर वेगळा लावून द्या, खूश होतात.

ॲपचं कुलूप लावलं आणि पिन स्वतःची जन्मतारीख ठेवली, तर ते कुलूप तुमच्यासाठीच आहे.

सिनेमात कोणी तंबाखू खाल्ली, विडी ओढली, तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी जाहिरात दाखवावी लागते, 2012 पासून. बऱ्याच लेकरांना सगळ्या सिनेमापेक्षा तीच जास्त छळते. एकदा एक पोरगी ती बघून रडत घरी गेली आणि बापाच्या खिशातला खर्रा चुलीत टाकून आली. बाप माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. ही चूक कोणाची, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"घाबरला का रे?" असं चार जणांसमोर विचारू नका, कोणीही नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लावा. ज्या जागेवरून ते उडी मारून पुढे जाईल, ती जागा लक्षात ठेवा.

आणि मधे चहा ठेवायला उठू नका. माझी लाईन गेली तेव्हा मी चुलीपाशीच होतो.