पहिले महायुद्ध का झाले? अभ्यासाला नव्याने बसणाऱ्यांसाठी काही अनुभव

एम.ए. करताना पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर मी लिहिलेला पहिला निबंध अगदी नीटनेटका होता. गुप्त करार, लष्करवाद, साम्राज्यवाद आणि राष्ट्रवाद ही चार कारणे, प्रत्येकावर एकेक परिच्छेद, आणि शेवटी २८ जून १९१४ रोजी बोस्नियातील साराजेव्होत गाव्हरिलो प्रिन्सिप या सर्ब राष्ट्रवादी तरुणाने केलेली ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड व त्यांची पत्नी सोफी यांची हत्या, 'तात्कालिक कारण' म्हणून. मार्गदर्शक शिक्षकांनी निबंध वाचून एकच प्रश्न विचारला. ही चारही कारणे १९११ मध्येही हजर होती, मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स एकमेकांसमोर उभेही ठाकले होते. मग युद्ध तेव्हाच का पेटले नाही? माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि पुढची दोन वर्षे मी त्याच प्रश्नामागे घालवली.

करारांची साखळी लवकर पाठ होते: १८७९ चा जर्मनी-ऑस्ट्रिया करार, १८८२ मध्ये त्यात आलेली इटली, १८९४ चा फ्रान्स-रशिया करार, १९०४ आणि १९०७ मध्ये ब्रिटनने अनुक्रमे फ्रान्स व रशियाशी मिटवलेले वाद. ही साखळी ओढली गेली आणि एकामागून एक राष्ट्रे युद्धात खेचली गेली, असे बहुतेक नवे अभ्यासक समजतात. मीही तसेच समजत होते. पण इटली त्रिराष्ट्र करारात असूनही १९१४ मध्ये तटस्थ राहिली आणि मे १९१५ मध्ये चक्क विरुद्ध बाजूने उतरली. उलट फ्रान्ससाठी लढण्याचे बंधन ब्रिटनवर कोणत्याही कराराने घातलेले नव्हते. म्हणजे कराराचा कागद सरकारला वाट दाखवत होता, पण त्या वाटेने जायचे की नाही, हे प्रत्येक मंत्रिमंडळ त्या त्या दिवशी ठरवत होते. हे ध्यानात आल्यावर माझा प्रश्नच बदलला: माघार घेतली तर आपले काय जाईल, असे प्रत्येक सरकारला वाटत होते?

या प्रश्नाची उत्तरे बहुतेकदा घरच्या राजकारणात सापडतात. ऑस्ट्रिया-हंगेरीत दक्षिण स्लाव (सर्ब, क्रोट वगैरे) मोठ्या संख्येने होते, आणि दोन बाल्कन युद्धांनंतर आकाराने जवळपास दुप्पट झालेला सर्बिया त्यांना आपल्याकडे ओढील, ही व्हिएन्नाची भीती होती. तरीही तेथे एकमत नव्हते. ७ जुलैच्या बैठकीत हंगेरीचे पंतप्रधान टिसा यांनी युद्धाला विरोध केला आणि आठवड्याभराने होकार दिला, तोही सर्बियाचा भूभाग गिळंकृत करायचा नाही या अटीवर. रशियाचे दुखणे वेगळे होते. ऑस्ट्रियाने केलेल्या बोस्नियाच्या सामिलीकरणावरून १९०९ मध्ये जर्मनीच्या दबावापुढे त्याला मान तुकवावी लागली होती, आणि तशी नामुष्की पुन्हा पत्करली तर बाल्कनमध्ये आपला शब्द कोणी मानणार नाही, असे तेथील मंत्र्यांना वाटत होते. जर्मनीत १९१२ च्या निवडणुकीनंतर राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, ३९७ जागांपैकी ११० जागा सोशल डेमोक्रॅट पक्षाकडे होत्या. कामगारांचा हा पक्ष आक्रमक युद्धाला साथ देणार नाही, पण झारच्या आक्रमणाविरुद्ध देशाच्या बचावाला उभा राहील, हे चान्सेलर बेथमान-हॉलवेग ओळखून होते. म्हणून सैन्यसज्जतेचे, म्हणजे युद्धासाठी सैन्य बोलावून तयार करण्याचे, पहिले मोठे पाऊल रशियाने टाकलेले दिसावे, याला त्यांच्या लेखी फार महत्त्व होते.

शिक्षकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर यातूनच तयार झाले. १९११ मध्ये काँगोचा काही प्रदेश जर्मनीला देऊन फ्रान्सने प्रकरण मिटवले, कारण तेव्हा मागे सरणे परवडणारे होते. १९१४ च्या जुलैत मात्र व्हिएन्ना, बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्ग या तिन्ही राजधान्यांनी माघारीची किंमत युद्धाच्या किमतीहून जास्त धरली. तो हिशेब भयंकर चुकीचा होता. पण तो कोणी आणि कोणत्या माहितीवर मांडला, हे शोधणे म्हणजेच राजकीय कारणांचा अभ्यास, असे मी मानते.

यासाठी एक काम हाताने करावे लागते. मोठ्या कागदावर राजधान्यांचे रकाने आखावेत आणि २८ जून ते ४ ऑगस्ट असा एकेक दिवस घेऊन कोणाला काय कधी कळले, ते भरत जावे. शेवटच्या आठवड्यात दिवस पुरत नाही, तास नोंदवावे लागतात. माझा पहिला तक्ता मला टाकून द्यावा लागला, कारण रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि ती तेरा दिवस मागे होती. १७ जुलै अशी तारीख असलेला रशियन कागद प्रत्यक्षात ३० जुलैचा, हे लक्षात न घेतल्याने मी आदेश आधी आणि त्याचे कारण नंतर मांडून बसले होते. तारखेखाली दिनदर्शिकेचा उल्लेख नसेल, तर तो आधी शोधावा.

छापील कागदपत्रांबाबतही सावध राहावे. युद्ध सुरू होताच प्रत्येक सरकारने आपली बाजू मांडणारे दस्तऐवजांचे संग्रह प्रसिद्ध केले, आणि फ्रान्सच्या 'पिवळ्या पुस्तका'त सेंट पीटर्सबर्गच्या फ्रेंच राजदूतांची ३१ जुलैची एक तार आहे. ऑस्ट्रियाच्या सार्वत्रिक सैन्यसज्जतेमुळे आणि जर्मनीच्या गुप्त तयारीमुळे रशियाने सार्वत्रिक सैन्यसज्जतेचा आदेश दिला, असे ती सांगते. युद्धानंतर मूळ तार उजेडात आली, तेव्हा तिच्यात रशियन सैन्याच्या सार्वत्रिक सज्जतेचा आदेश निघाला आहे, एवढेच वाक्य होते. कारणाचा सगळा भाग पॅरिसमध्ये जोडलेला होता. तक्ता समोर असेल तर ही लबाडी मूळ तार न पाहताही पकडता येते, कारण रशियाचा आदेश ३० जुलैच्या संध्याकाळी निघाला आणि ऑस्ट्रियाचा ३१ जुलैला. माझ्या रकान्यांत ते दोन कागद उलट क्रमाने बसले, तेव्हा तासांचा तो खटाटोप कशासाठी होता ते मला खऱ्या अर्थाने कळले.

दोष कोणाचा, हा वाद युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकणाऱ्या व्हर्सायच्या तहातील २३१ व्या कलमापासून आजवर चालू आहे. त्यातील बाजू जरूर वाचाव्यात, पण आपला तक्ता भरल्यावर. माझ्यापुरते सांगायचे तर, सर्वांत जड वजन मी ५ आणि ६ जुलैला देते: बर्लिनने त्या दोन दिवसांत ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला, आणि रशिया मध्ये पडू शकतो हे जाणून दिला. रशियाची घाई आणि फ्रान्सचे प्रोत्साहन यांचे वजन त्यानंतर येते, पण ते शून्य नाही.

सुरुवात मात्र दोनच कागदांपासून करावी. २३ जुलैला संध्याकाळी बेलग्रेडमध्ये दिलेला, ४८ तासांच्या मुदतीचा ऑस्ट्रियाचा निर्वाणीचा खलिता आणि २५ जुलैचे सर्बियाचे उत्तर शेजारी शेजारी ठेवून दहाही मागण्या एकेक करून पडताळाव्यात. बहुतेक मागण्या सर्बियाने पूर्णपणे किंवा काही अटींसह मान्य केलेल्या दिसतील. सहावी, म्हणजे चौकशीत ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना सामील करून घेण्याची मागणी, राज्यघटनेचा आधार देऊन नाकारलेली दिसेल. त्यानंतर जर्मनीचा सम्राट कैसर विल्यम याने त्या उत्तरावर लिहिलेला शेरा वाचावा. उत्तर त्याच्या हाती २८ जुलैच्या सकाळी पडले, आणि आता युद्धाचे कारणच उरले नाही, असे त्याने त्याखाली लिहिले. त्याच दिवशी व्हिएन्नाने तारेने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. या दोन नोंदी एकाच तारखेखाली, वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात, आणि मधल्या तासांत बर्लिनहून व्हिएन्नाला काय कळवले गेले नाही, त्याचा शोध तेथून सुरू करावा.