मित्रमैत्रिणींच्या नावाचे ग्लास घरी कसे करावेत

गोव्यात ग्लास भेट द्यायला निमित्त शोधावं लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राक (काजूची हलकी दारू) असतो, उन्हाळाभर कोकम सरबत असतं, शिवाय चवथ (गणेशचतुर्थी) आणि नाताळ आहेतच. त्यावर समोरच्याचं नाव दुधाळ अक्षरांत उमटवलेलं असेल, तर साध्या ग्लासाचीही मजा वाढते. मशीन लागत नाही. काचेचा पृष्ठभाग खरखरीत, दुधाळ करणारी एचिंग क्रीम ऑनलाइन मिळते आणि बाकीचं सामान गावातलंच.

म्हापसा किंवा मडगावच्या बाजारातून साधे, सरळ उभ्या बाजूंचे, जाड बुडाचे ग्लास आणा. क्रीम लावण्याआधी नावाचा स्टिकर चिकटवायचा असतो आणि खाली निमुळत्या होणाऱ्या ग्लासावर त्याला सुरकुत्या पडतात. बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेवर क्रीम नीट चढत नाही आणि प्लॅस्टिकवर तर काहीच होत नाही.

खरी मेहनत स्टेन्सिलची, म्हणजे अक्षरं कापून काढलेल्या त्या स्टिकरची. नंबरप्लेटचं काम करणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. तो एरवी बाहेरचा कागद सोलून टाकतो आणि अक्षरं देतो. आपल्याला उलटं हवं, म्हणजे अक्षरं काढलेली आणि भोवतालची पट्टी शाबूत. हे त्याला दोनदा सांगा, कारण सवयीने हात तिकडेच जातो.

शिवाय अक्षरांच्या पोटातले तुकडे राखायला सांगा. ‘पल्लवी’ घ्या. ‘व’चा गोल आणि शिरोरेषेमुळे बंद झालेलं ‘प’चं पोट हे सुटे तुकडे असतात. ते निघाले तर तिथे नुसता पांढरा डाग उठतो. वरून मास्किंग टेप लावून सगळं एकदम उचललं की तुकडे जागच्या जागी बसतात. शिरोरेषा गाळली तर ‘प’ मोकळा होतो, पण ‘व’ काही सुटत नाही. मला तरी शिरोरेषेशिवायचं नाव बोडकं वाटतं. फॉन्ट जाड घ्या. नाजूक वळणदार अक्षरं कागदावर शोभतात, काचेवर ती पुसट दिसतात.

ग्लास साबणाने धुवा, कोरडा करा आणि व्हिनेगर किंवा स्पिरिटने पुसा. पावसाळ्यात इथली हवा दमट, त्यामुळे स्टिकर पंख्याखाली वाळवलेल्या काचेवरच लावा. लावताना ओठ टेकतात ती कड सोडून खाली घ्या. स्टिकरच्या कडा नखाने किंवा चमच्याच्या पाठीने दाबा. बुडबुडा राहिला की क्रीम आत शिरते आणि अक्षराची कड फाटल्यासारखी होते. उघड्या काचेवर बोट लावू नका. तेलकट ठसा पडला तर तेवढीच जागा फिकी राहते.

आता क्रीम. तिच्यात फ्लोराइडचे क्षार असतात, तेव्हा तिला रंगाच्या डबीसारखं हाताळू नका. नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघडा, मुलांना लांब ठेवा. कातडीला लागली तर दुखत नसलं तरी लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. डोळ्यात गेली तर धुणं चालू ठेवून तसंच दवाखाना गाठा.

ब्रशने जाड थर द्या, काच दिसता कामा नये. वेळ डबीवर असेल तेवढाच. काही क्रीमना एक-दोन मिनिटं पुरतात, काहींना १५-२० लागतात. जास्त ठेवून अक्षरं फारशी खोल होत नाहीत, कारण क्रीम फक्त वरचा पृष्ठभाग खरखरीत करते. मग वाहत्या पाण्याखाली धुवा, पण सिरॅमिकच्या सिंकमध्ये नको, त्याचीही झिलई जाते. स्टीलचं सिंक किंवा प्लॅस्टिकची बादली बरी. स्टिकर त्यानंतरच सोला.

ओल्या ग्लासावर अक्षरं जवळपास दिसत नाहीत. घाबरू नका, वाळली की उठतात. बर्फाचं पेय ओतल्यावर बाहेरून घाम येतो तेव्हाही ती थोडी लपतात. आत कोकम सरबत असेल तर मात्र लालभडक रंगावर नाव चांगलं उठून दिसतं. फोटो काढायचा तर तेव्हाच काढा, ग्लास बाहेरून पुसून.