मे महिन्यात मोठा रोहू-कटला कसा काढायचा (इंदूर आणि आसपासवाल्यांसाठी)

मे लागला की इंदुरात अर्ध्या लोकांचे रॉड माळ्यावर जातात, का तर म्हणे उन्हाळ्यात मासा लागत नाही. लागतो हो, चांगला मोठा लागतो, पण फेब्रुवारीत जिथे बसायचात तिथेच, त्याच वेळेला, तोच भरपूर चारा टाकून बसलात तर मात्र अर्धा किलोची पोरंच येणार. उन्हाळ्यात मोठा मासा चाऱ्यामागे कमी आणि ऑक्सिजनमागे जास्त फिरतो, हे एकदा डोक्यात बसलं की जागा, वेळ, खोली सगळं आपोआप ठरत जातं.

आणि आधीच सांगतो, यूट्यूबवर ते अमेरिकेतले बास पकडणारे लोक बघून रबरी किडे आणि चमचमते लूर (नकली आमिष) मागवू नका. बास शिकारी मासा आहे, झाडोऱ्यात दबा धरून बसतो आणि जाणाऱ्यावर झडप घालतो, त्यामुळे त्याला लूर दाखवून चिडवता येतं. रोहू चरणारा आणि कटला पाणी गाळून बारीक शेवाळ नि जीव खाणारा, त्यांना तुमच्या प्लास्टिकच्या बेडकाशी काय घेणंदेणं. त्या व्हिडिओंमधलं घेण्यासारखं एवढंच की उन्हाळ्यात सावली, उतार आणि वाऱ्याची बाजू शोधा, ते इथेही शंभर टक्के लागू पडतं. लूरच टाकायचा असेल तर मरळसाठी टाका, त्याचं खाली सांगतो.

आता ऑक्सिजन. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला तोच साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे पाणी तापलं की माशाची भूक वाढते, पचन जोरात चालतं, आणि नेमका श्वासच कमी पडतो. रोहू-कटला गरम पाण्याचेच मासे आहेत, 25 ते 30 अंशात मजेत खातात, गरमीने ते मरत नाहीत, त्यांचा त्रास हा हवेचा आहे. मोठ्या माशाला जास्त लागतो म्हणून तो आधी जागा बदलतो, लहान मासे कुठेही वळवळत राहतात आणि आपण त्यांनाच पकडत बसतो.

सगळे सांगतात पहाटे जा. मी म्हणतो आधी पाण्याचा रंग बघा. गावाबाहेरचा छोटा तलाव, पाणी एकदम गडद हिरवं, तर पहाटेची वेळ तिथली सगळ्यात वाईट, कारण ते हिरवं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच ओढून घेतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो. अशा तलावात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर नवीन माणूस खूष होतो की बापरे किती मासा आहे, पण तो गुदमरतोय, खाणार काहीच नाही. रॉड ठेवून द्या, चहा प्या, आठ वाजेनंतर बघा. नाहीतर सरळ संध्याकाळी जा, ऊन उतरल्यावर पाचच्या पुढे ते अंधार पडून तासभर होईपर्यंत. उलट चोरल धरणासारखं मोठं, वाऱ्याने हलणारं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी असेल तर पहाट उत्तम, पावणेसहाला सूर्य वर येतो त्याच्या आधी चारा पाण्यात पाहिजे आणि नऊला आवरायचं. दुपारी बारा ते चार कुठेच बसू नका, मासाही नाही आणि लू लागली तर घरचे परत जाऊ देणार नाहीत.

जागेबद्दल दोन गोष्टी लोक उलट्या करतात. पहिली, वारा पाठीवर घेऊन बसतात, कारण फेक लांब जाते आणि डोळ्यात धूळ येत नाही. पण आपल्या माळव्यात मे महिन्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून नाहीतर वायव्येकडून येतो, लाटा पूर्वेच्या काठाला आपटतात, पाणी तिथे घुसळतं, ऑक्सिजन मिसळतो, वरचं तरंगतं खाणंही तिकडेच गोळा होतं आणि कटला त्याच्यामागे जातो. म्हणून पूर्वेच्या काठावर, तोंडावर वारा घेऊन बसा, गमछा बांधा आणि सहन करा. दुसरी, गरमी आहे म्हणजे मासा सगळ्यात खोल डोहात तळाला गेला असणार हा हिशोब. उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर पडतात, वर गरम खाली गार, दोन्ही मिसळत नाहीत, आणि तळाच्या थरातला ऑक्सिजन कुजणारा पाला-गाळ संपवून टाकतो. दोराला वजन म्हणून लावलेलं शिसं तळावरून ओढून बघा, त्याला काळा चिखल लागलेला असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिथे तळाला टाकण्यात काही अर्थ नाही, उथळ बाजूला सरका, जिथे वाळू-मुरूम लागतो आणि उतार सुरू होतो तिथे थांबा. दोराला ॲक्वेरियमचा साधा थर्मामीटर बांधून खाली सोडला तरी बरंच कळतं, ज्या खोलीवर पारा एकदम खाली येतो त्याच्या जरा वर गळ राहील असा फ्लोट (तरंगणारं बूच) सेट करायचा.

जुन्या नदीचा बुडालेला काठ, पाण्यातले वाळके बाभूळ, एखादा नाला येऊन मिळतो ती जागा, ही सगळी मोठ्या माशाची ठिकाणं. आणि मेमध्ये पाणी उतरलेलं असतं त्याचा फायदा घ्या, कुठे उंचवटा आहे, कुठे खड्डा, कुठे जुनी विहीर, सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. पाऊस झाल्यावर हेच सगळं पाण्याखाली जातं, मग बाकीचे अंदाजाने टाकतात आणि तुमच्याकडे नकाशा असतो.

कुठे बसायचं, तर सिरपूर तलाव डोक्यातून काढून टाका, ती पक्ष्यांची जागा आहे, 2022 मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आलाय, यशवंत सागरही त्याच वर्षी आला, तिथे गळ घेऊन फिरणं म्हणजे स्वतःहून भांडण ओढवून घेणं. बाकी जवळजवळ प्रत्येक तलाव कोणत्या ना कोणत्या मछुआ (मच्छीमार) समितीच्या नाहीतर ठेकेदाराच्या पट्ट्यावर असतो, आधी विचारा, पैसे ठरवा, मग बसा. बरेच जण दिवसाचे पैसे घेऊन बसू देतात, काही जण निघालेल्या माशाचे किलोवर घेतात. न विचारता बसलात आणि दुपारी पाच माणसं काठ्या घेऊन आली तर माझं नाव सांगू नका.

नर्मदेवर जाणार असाल, बडवाह-मंडलेश्वरकडे, तर घाटापासून लांब बसा, लोक तिथे आंघोळीला, पूजेला येतात, त्यांच्यासमोर मासा ओढणं बरं दिसत नाही. आणि वर धरणं आहेत हे विसरू नका, वीज बनवायला पाणी सोडलं की कोरड्या खडकावर बसलेला माणूस बघता बघता पाण्यात येतो. एप्रिल 2005 मध्ये धाराजीला असंच पाणी आलं आणि किती तरी भाविक वाहून गेले, आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. मधल्या खडकावर कधीच नाही, काठावरच, आणि सायरन वाजला की सामान सोडून वर पळायचं.

रॉड 9-10 फुटी मीडियम, रील 4000 साइझचं, दोर 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा मोनो (एकपदरी नायलॉन), बास एवढंच (हा आपला बास, मासा नाही). दोर मात्र यंदाचा पाहिजे. मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा मागच्या काचेपाशी पडून राहिलेला दोर उन्हाने आणि गरमीने कमजोर होतो, हाताने झटका दिला तर कळत नाही आणि पाच किलोचा कटला लागला की गाठीपाशी तुटतो. निघायच्या आधी पुढचे चार-पाच मीटर कापून फेका, नवी गाठ मारा, गाठ ओढायच्या आधी थुंकी लावा म्हणजे घासून जळत नाही. ड्रॅग (रीलचा ब्रेक, मासा ओढतो तेव्हा दोर किती जोराला सुटायचा ते यावर) दोराच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश, त्याच्यावर नाही. गळ काट्याविना घ्या किंवा पक्कडीने काटा दाबून टाका.

चाऱ्याचं मात्र नीट ऐका, कारण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक दोन-दोन किलो खली (पेंड) भिजवून पाण्यात ओततात. गरम पाण्यात ती सडते, सडताना तिथलाच ऑक्सिजन खाते, आणि ज्या माशाला बोलवायचं त्यालाच तुम्ही हाकलून लावता. थोडं पण सारखं टाका, लिंबाएवढे गोळे, वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-तीन. माझं मिश्रण असं की अर्धा किलो सत्तू, पावभर शेंगदाण्याची नाहीतर सरसूची खली भाजून कुटलेली, दोन मुठी ब्रेडचा चुरा, गुळाचं पाणी, थोडी बडीशेप कुटून आणि चिमूटभर हिंग. किराणा सियागंजात मिळून जातो, खली कोणत्याही पशुआहाराच्या दुकानात. पाणी जागेवरच घाला, घरून भिजवून नेलंत तर पोहोचेपर्यंत आंबतं, आणि आंबट चारा काही जण मुद्दाम वापरतात पण मला या गरमीत ताजाच बरा वाटतो.

कटल्याचं तोंड वरच्या दिशेला वळलेलं असतं, तो मधल्या नि वरच्या पाण्यात खातो, म्हणून त्याच्यासाठी गोळा एकदम सैल पाहिजे, पाण्यात पडला की धुरळ्यासारखा पसरला पाहिजे, आणि गळ फ्लोटखाली त्या धुरळ्याच्या मधोमध. रोहू त्याच्या खाली, मृगळ (इकडे नरेन म्हणतात) अगदी तळाला, त्यांना घट्ट गोळा चालतो. गरम पाण्यात टिलापिया आणि बारीक पोरं इतकी चळवळी असतात की कणकेचा गोळा दोन मिनिटं टिकत नाही, त्यावर उपाय म्हणजे उकडलेला काबुली चणा नाहीतर मक्याचे दाणे, गळावर न टोचता त्याच्या मागे केसाएवढ्या दोऱ्याला बांधून. लहान माशाच्या तोंडात जात नाही, मोठा सहज ओढतो. याला वेळ लागतो, एखादी संध्याकाळ नुसती बसून जाते, पण आला की रील ओरडतं.

मरळवाल्यांसाठी थोडक्यात. मरळ वरची हवा घेऊ शकतो, म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी त्याला फार फरक पडत नाही, कडक गरमीतही तो उथळ कमळ-शेवाळाच्या पाण्यात असतो आणि मधूनमधून वर येऊन श्वास घेतो, ती बुडबुड दिसली की तिथेच, तीन-चार फूट पलीकडे बेडूक लूर टाकून शेवाळावरून हळू ओढत आणायचा. फटका बसल्या बसल्या रॉड उचलू नका, एक-दोन सेकंद थांबा, मग मारा. सोबत पिल्लांचा लाल-नारिंगी घोळका फिरत असेल तर सोडून द्या त्याला, आईबाप राखण करत असतात, ते गेले की पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात.

मोठा मासा लागला की उन्हाळ्यात खेळवत बसायचं नाही. गरम पाण्यात तो लवकर थकतो आणि सोडल्यावर पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. जोर ठेवून लवकर आणा, जाळी ओली, हात ओले, तापलेल्या दगडावर तर अजिबात ठेवू नका, फोटो पाण्याच्या वरच धरून काढा आणि तोपर्यंतच धरा जोपर्यंत तुम्ही स्वतः श्वास रोखू शकता. मे-जूनमध्ये मोठी मादी अंड्यांनी भरलेली असते, रोहूच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी असतात. आता बंद तलावात या माशांची पिल्लं होत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं, तिथे समिती बीज आणून सोडते, त्यामुळे तिथला मासा तोलून पैसे देऊन न्या, माझी हरकत नाही. नदीत मात्र पोट फुगलेली मादी परत सोडायचीच. आणि महाशीर, ज्याला नर्मदेवर बाडस म्हणतात, तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, खूप कमी झालाय, लागला तर पाण्यातच गळ काढा आणि जाऊ द्या.

16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, अंडी घालायचा काळ म्हणून, गळानेसुद्धा नाही. म्हणजे खरा मोका जूनचा पहिला पंधरवडा. वळवाचे ढग येतात, ऊन दबतं, वारा सुटतो, आणि मासा दुपारीसुद्धा खायला लागतो. फक्त गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवायचा आणि पाण्यापासून, एकट्या झाडापासून लांब व्हायचं, कार्बनचा रॉड हातात उभा धरून बसणं म्हणजे विजेला पत्ता देणं आहे.

पाणी माणशी चार लिटर, कैरीचं पन्हं मीठ जास्त टाकून, सकाळी पोह्यांवरच निघू नका, दुपारपर्यंत टिकत नाहीत. घरी न्यायचा मासा दीड-दोन किलोचाच घ्या, मोठ्यापेक्षा चवीला तोच बरा. बर्फ घरूनच न्यायचा, थर्मोकोलचा डबा सावलीत, मासा निघाला की लगेच कल्ले आणि आतडी तिथेच काढून पोटात बर्फ भरा, कारण 42 अंशात पिशवीत टाकून ठेवलेला मासा घरी पोचेपर्यंत मऊ पडतो आणि मग बायको तो तसाच शेजारच्या मांजराला देते.