खुबा बदलल्यावरची पहिली रात्र: कुठला ब्लॉक, हे कसं ठरवायचं

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी पेशंटला भेटायला जाते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, दुखणार नाही ना?" मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं हेच काम करते आहे. सुरुवातीच्या काळात मी लगेच "नाही, अजिबात नाही" म्हणून टाकायचे. आता आधी विचारते, "उद्या किंवा परवा सकाळी वॉकर धरून उभं राहायचंय, हे कुणी सांगितलंय का?"

हा बदल एका रात्रीमुळे झाला. खुबा बदललेल्या एका बाईंना मी जांघेत फिमोरल नर्व्ह ब्लॉक दिला होता, म्हणजे मांडीच्या मोठ्या नसेजवळ बधिरतेच्या औषधाचं इंजेक्शन. संध्याकाळी त्या हसत होत्या, दुखणं दहापैकी शून्य. मला फार समाधान वाटलं. पहाटे त्या कुणाला न उठवता बाथरूमला निघाल्या आणि गुडघा एकदम मुडपला. दुखत नव्हतं, म्हणून पाय आपला आहे असं त्यांना वाटलं. मांडीचा स्नायू मात्र अजून झोपलेलाच होता. नवा सांधा निखळला नाही, हाडही मोडलं नाही, पण एक्स-रे येईपर्यंतचा तास मला अजून आठवतो. पायात उभं राहण्याची ताकद नसेल तर ते शून्य काय कामाचं?

म्हणून ब्लॉकची तुलना करताना मी तीन गोष्टी एकत्र बघते: हालचाल करताना किती दुखतं, पायात किती ताकद राहते, आणि असर किती तासांनी उतरतो. पडून असताना किती दुखतं हा आकडा एकटा घेतला तर जवळजवळ सगळेच ब्लॉक चांगले दिसतात.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करते. ऑपरेशन करण्यासाठीची भूल वेगळी आणि नंतरच्या दुखण्यासाठीचा ब्लॉक वेगळा. पाठीत सुई देऊन दिलेली स्पायनल भूल ऑपरेशनपुरती असते. दोन ते चार तासांत पाय हलू लागतात. पूर्ण भूल दिली तर जाग येताच दुखणं समोर उभं. यांपैकी काहीही निवडलं तरी "नंतरच्या रात्रीसाठी काय?" हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो. नातेवाईक बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर ऐकून समाधानी होतात आणि दुसरा प्रश्न राहून जातो.

आता दुखणं नेमकं येतं कुठून, ते बघा. खुब्याच्या सांध्याभोवती जाड आवरण असतं. त्याच्या पुढच्या भागात वेदना वाहून नेणारे तंतू दाटीवाटीने असतात. ते फिमोरल, ऑब्ट्युरेटर आणि काही जणांत असणाऱ्या अ‍ॅक्सेसरी ऑब्ट्युरेटर या नसांमधून येतात. मागच्या भागाच्या नसा वेगळ्या, त्या सायटिक नसेच्या बाजूच्या. आणि ज्या त्वचेवर चिरा पडतो तिचा मालक तिसराच: मांडीच्या बाहेरच्या बाजूची एक नस, शिवाय कमरेच्या वरून उतरणाऱ्या एकदोन फांद्या. म्हणजे एका ठिकाणी सुई टोचून सगळा खुबा बधिर होईल, असं ठिकाणच नाही. प्रत्येक ब्लॉक काहीतरी झाकतो आणि काहीतरी उघडं ठेवतो. तुमच्या भूलतज्ज्ञाला "याने काय झाकलं जाणार नाही?" असं जरूर विचारा. मला हा प्रश्न आवडतो, कारण त्यावर खरं उत्तर देता येतं.

पाठीतल्या उपायांपासून सुरू करते. स्पायनलच्या औषधातच मॉर्फीनचा अगदी बारीक डोस, ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास, मिसळता येतो. वेगळी सुई लागत नाही, पायाची ताकद जात नाही आणि साधारण दिवसभर आराम मिळतो. ऐकायला हे सर्वांत सोपं वाटतं, आणि कित्येकांसाठी ते आहेही. पण अंगाला खाज सुटते, मळमळ-उलट्या होतात, लघवी अडकते. क्वचित श्वास मंदावतो, तोही काही तास उलटून गेल्यावर, म्हणून त्या रात्री श्वासावर आणि गुंगीवर लक्ष ठेवणारी नर्स हवी. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना किंवा झोपेत श्वास अडणाऱ्या, घोरणाऱ्या माणसाला मी हे शक्यतो टाळते.

एपिड्युरल म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून तासातासाने औषध देत राहायचं. दुखणं उत्तम दबतं. पण एका खुब्यासाठी दोन्ही पाय जड होतात, रक्तदाब उतरतो, लघवीची नळी जास्त काळ ठेवावी लागते आणि माणूस पलंगाला बांधला जातो. शिवाय खुब्याच्या ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू करायची असतात. कमी रेणुभाराच्या हेपॅरिनच्या (एनॉक्सापॅरिनसारख्या) त्या रोजच्या छोट्या प्रतिबंधक डोसनंतरही मणक्यात सुई घालायला किंवा नळी काढायला किमान १२ तास थांबावं लागतं, मोठा डोस असेल तर सुईआधी २४ तास. नाहीतर मणक्याच्या आत रक्त साठून पाय कायमचे जाण्याची भीती. एकेकाळी आम्ही एपिड्युरल सर्रास देत होतो. साध्या, पहिल्या वेळच्या खुब्यासाठी मी आता देत नाही.

लंबर प्लेक्सस ब्लॉक पाठीतून खोलवर, कमरेच्या स्नायूच्या पोटात दिला जातो. झाकतो भरपूर. पण सुई खोल जाते, आजूबाजूला मूत्रपिंड आहे, मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, औषध मणक्याकडे पसरू शकतं, आणि मांडीची ताकद जाते ती जातेच. फिमोरल ब्लॉकची गोष्ट वर सांगितली. खुब्यानंतरच्या वेदनेवर जगभरचे अभ्यास तपासून 'प्रॉस्पेक्ट' या तज्ज्ञगटाने २०२१ साली ज्या शिफारशी केल्या, त्यांत एपिड्युरल, फिमोरल आणि लंबर प्लेक्सस ही तिन्ही 'फायद्यापेक्षा त्रास जास्त' म्हणून बाजूला ठेवली आहेत. माझ्या त्या पहाटेने मला जे शिकवलं तेच तिथे वाचून बरं वाटलं.

मग उरतं काय? आज प्रत्यक्षात निवड होते ती मुख्यतः तिघांत.

पहिला फॅसिया इलियाका ब्लॉक. जांघेजवळ स्नायूवर एक पडद्यासारखा थर असतो. त्याच्याखाली अल्ट्रासाउंडवर बघत ३० ते ४० मिलिलिटर पातळ औषध सोडायचं. औषध पसरतं आणि फिमोरल नस व मांडीच्या बाहेरच्या त्वचेची नस दोन्ही बधिर होतात. ऑब्ट्युरेटर सापडेलच याची खात्री नसते. जांघेच्या वरच्या बाजूने दिला तर पसरतो जास्त चांगला. प्रॉस्पेक्टच्या यादीत हा आहे. सुई मोठ्या रक्तवाहिन्यांपासून दूर राहते, त्यामुळे शिकायला आणि द्यायला तुलनेने निर्धास्त. पण फिमोरल नस यातही बधिर होते, तेव्हा गुडघा ढिला पडण्याचा धोका इथेही आहे.

दुसरा पेंग ब्लॉक. २०१८ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, आणि त्यानंतर फार थोड्या काळात तो सगळीकडे पोचला. नसेच्या मागे न लागता, सांध्याच्या पुढच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक फांद्या जिथे जांघेच्या हाडावरून जातात तिथेच, स्नायूच्या दोरीखाली साधारण २० मिलिलिटर औषध ठेवायचं. मुख्य फिमोरल नस वाचते, म्हणून मांडीची ताकद बरीच टिकते. "बरीच" हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. औषध जास्त झालं किंवा सुई थोडी वर राहिली तर ते फिमोरलपर्यंत पोचतं आणि पाय ढिला पडतो. दुसरं म्हणजे, पेंग त्वचेला हात लावत नाही आणि सांध्याची मागची बाजूही उघडी राहते. ज्यांना पेंग मिळाला आणि तरी "टाक्यांवर जळजळतंय" म्हणतात, त्यांचा ब्लॉक फसलेला नसतो. ती जागा त्याच्या हद्दीतच नसते.

तिसरा मार्ग सर्जनच्या हातात आहे: टाके घालण्याआधी सांध्याभोवती, स्नायूंत आणि त्वचेखाली बधिरतेचं औषध भरणं. वेगळी सुई नाही, वेगळा वेळ नाही, ताकदीवर परिणाम जवळजवळ नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला याचा जितका फायदा दिसतो तितका खुब्याला दिसत नाही, विशेषतः स्पायनल आणि गोळ्या नीट दिलेल्या असतील तेव्हा. तरी मी याला कमी लेखत नाही. पेंगची उघडी राहिलेली त्वचा यानेच झाकता येते.

पाठीच्या बाजूच्या स्नायूंच्या थरांत दिले जाणारे आणखी दोनतीन ब्लॉक आहेत. खुब्यासाठी त्यांचा परिणाम माणसागणिक फार बदलतो, म्हणून माझ्या यादीत ते मागे आहेत.

हे सगळं एका माणसावर कसं बसवायचं, ते आईच्या उदाहरणाने सांगते. तिचा खुबा बदलला तेव्हा ती ७४ वर्षांची, वजन ५२ किलो. मूत्रपिंडं थोडी थकलेली, म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद. एरवी पॅरासिटामॉल, तशी एखादी गोळी आणि ऑपरेशनच्या वेळी शिरेतून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एवढ्यावर पुष्कळ जणांचं भागतं, ब्लॉक हा त्यावरचा आधार असतो. पण या त्रिकुटातला एक खांब तिच्याकडे नव्हता, तेव्हा ब्लॉक हवाच होता. चिरा मागच्या बाजूने असणार होता, म्हणजे त्वचेचा प्रश्न वेगळा सोडवायला हवा. पूर्वीच्या एका ऑपरेशनला मॉर्फीनने तिला दिवसभर उलट्या झाल्या होत्या. हे सगळं सहकाऱ्यासमोर मांडलं आणि ठरलं: मॉर्फीनशिवाय साधं स्पायनल, पेंग, आणि सर्जनकडून जखमेत औषध.

इथे एक हिशेब आहे जो चुकवून चालत नाही. भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघंही बधिरतेचं औषध देणार असतील तर दोघांची बेरीज करायची. रोपिव्हाकेन या बधिरतेच्या औषधाची मर्यादा साधारण किलोमागे ३ मिलिग्रॅम धरतात, आईसाठी १५६. पेंगला ०.२५ टक्क्यांचं २० मिलिलिटर म्हणजे ५० मिलिग्रॅम, जखमेत ०.२ टक्क्यांचं ४० मिलिलिटर म्हणजे ८०. एकूण १३०, आणि वय बघता उरलेली जागा आम्ही मोकळीच ठेवली. हेच दोघांनी एकमेकांना न विचारता "नेहमीचं" दिलं असतं तर मर्यादा सहज ओलांडली असती. जास्त झालेलं औषध रक्तात गेलं की जिभेला मुंग्या, कानात आवाज, झटके, आणि शेवटी हृदयाची लय बिघडते. पेशंटने ही बेरीज करावी अशी अपेक्षा नाही, पण "तुम्ही दोघांनी मिळून डोस ठरवलाय ना?" एवढं विचारायचा हक्क तुम्हाला नक्की आहे.

तुम्ही भेटाल तेव्हा भूलतज्ज्ञाला न विचारताही काही गोष्टी सांगून टाका. रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी, शेवटची कधी घेतली त्यासह. लघवीचा त्रास. रात्री घोरणं, दचकून उठणं. पायात आधीपासून मुंग्या किंवा बधिरपणा, मधुमेहात तो असतो आणि ब्लॉकनंतर गोंधळ करतो. आणि आधी बरेच महिने दुखण्यासाठी जोरदार गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नका. अशा माणसाला त्या रात्री जास्तच दुखतं आणि आम्हाला आधी कळलं तर तयारी करता येते.

आता ती रात्र. एकदाच दिलेला ब्लॉक साधारण १२ ते १८ तास चालतो, कुणाला कमी, कुणाला जास्त. दुपारी ऑपरेशन झालं की उतरण्याची वेळ मध्यरात्र ते सकाळ. तो हळूहळू ओसरतो असं पुस्तकात असतं. पेशंटला मात्र दिवा लावल्यासारखं दुखणं अचानक आल्यासारखं वाटतं. म्हणून "दुखत नाही, मग गोळी कशाला" असं म्हणून गोळी परत पाठवू नका. ठरलेल्या तासाला घ्या, गाढ आराम असला तरी. आईच्या उशाशी मी कागदावर ब्लॉकची वेळ लिहून ठेवली होती. अकराची गोळी तिला झोपेतून उठवून दिली, ती माझ्यावर वैतागली. दोनच्या सुमारास ब्लॉक उतरला तेव्हा "मागे ओढल्यासारखं होतंय" एवढंच म्हणाली आणि पुन्हा झोपली.

सकाळी उभं राहण्याआधी पलंगावरच तपासायचं: गुडघ्याखाली उशी ठेवून टाच वर उचलता येते का, पाय सरळ होऊन काही क्षण तिथे थांबतो का. नाही जमलं तर दुखत नसलं तरी उभं राहायचं नाही, फिजिओथेरपिस्टला तसं सांगायचं. जमलं तरी पहिल्या वेळी सोबत माणूस आणि पुढे वॉकर हवाच, बाथरूमला जातानाही, पहाटेही. पाय बधिर असेपर्यंत गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. भाजलेलं कळत नाही. टाच गादीवर एकाच जागी दाबून ठेवायची नाही.

२४ तास उलटूनही बधिरपणा तसाच असेल, किंवा एकदा परत आलेली ताकद पुन्हा कमी होत असेल, पाठीत नवीन जोराचं दुखणं सुरू झालं असेल, लघवी होत नसेल, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. त्याच मिनिटाला नर्सला बोलवा आणि भूलतज्ज्ञाला फोन करायला सांगा. मध्यरात्रीचा असा फोन मला आलेला चालतो.